पहिली ओळ उभ्याने

३ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आता सगळ्यांना बसायला सांग.

परवा कचेरीत सांगून बसले की आमच्याकडे पूर्वी कुणी गेल्याचीच पत्रं यायची, म्हणून अजूनही पहिली ओळ सगळे उंबऱ्यात उभं राहून ऐकतात आणि ‘खुशाल’ कानावर पडलं की मगच टेकतात. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. नंतर वाटलं, घरची गोष्ट अशी बाहेर सांगायला नको होती.

खरी बातमी वेगळी आहे. ज्या मासिकाची प्रुफं मी तपासते, त्यालाच भीत भीत माझी कथा दिली होती. बाबांसारखंच दोराच्या झुल्यावर बसून उंच भिंती रंगवणाऱ्या माणसाची. संपादकबाईंनी परत केली. म्हणाल्या, कथा बरी आहे, पण सुरुवात झोपलेली आहे. पहिल्या ओळीने वाचकाची मानगूट धरायला हवी. महिनाअखेरपर्यंत नवी सुरुवात आणली तर घेतील, नाहीतर नाही. वहिनी, दुसऱ्यांच्या चुका काढणं सोपं होतं. बाबा अंगठा लावतात, आई छापील कागद दिसला की हात जोडते, आणि त्यांची मुलगी लेखिका म्हणून मिरवायला निघाली!

पुढच्या पत्रात एक ओळ पाठवते. तू एकटीच वाच आणि खरं सांग. तुला मी शिकवलेल्या अक्षरांची शपथ.

लोभ असू दे, सध्या जरा जास्तच.

तुझी,
धाकटी

१० जुलै

दोर तुटला तेव्हा बाबांच्या हातात ब्रश होता.

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कशी वाटली? आधी ‘रंगाऱ्याच्या हातात’ लिहिलं होतं, ते कोरडं वाटलं. ‘बाबांच्या’ लिहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. बाईंना दाखवली तर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. तेव्हापासून मला जास्तच भीती वाटते आहे. स्वतःच्या बाबांना असं कागदावर पाडावं का? आणि पुढे तो पडतो की वाचतो, हे लिहायला हात धजत नाही.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

१६ जुलै

प्रिय वन्संना,
अनेक आशीर्वाद.

मामंजी सुखरूप आहेत. हे आधी लिहिते, कारण माणसाने आधी हेच लिहावं.

एकटीने वाच म्हणालात, पण तुमचं पत्र आलं की अख्खं घर दारात येतं. मी आपली नेहमीसारखी अक्षर अक्षर जुळवत पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि वाचून झाल्यावर मलाच तिचा अर्थ कळला. मामंजी तेव्हा कामावर होते. सासूबाई अनवाणी धावत सुटल्या, मागून तुमचे दादा, त्यांच्या मागून पत्र हातात धरून मी. तुम्ही इतक्या लांब, तुम्हाला आमच्या आधी कसं कळेल, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार.

मामंजी झुल्यावर होते. हातात ब्रश. सासूबाईंनी खालून अशी किंकाळी फोडली की ते दचकून वळले, झुला कलला आणि रंगाची बादली आमच्या पुढ्यात येऊन आदळली. त्यांनी दोर धरला म्हणून. पुढचं लिहीत नाही.

ते खाली आल्यावर मी उरलेलं पत्र वाचून दाखवलं. सासूबाई तुम्हाला जे म्हणाल्या, ते लिहिण्याइतकी जोडाक्षरं मला येत नाहीत. मामंजी त्यानंतर कामावर गेलेले नाहीत. दोराचा एकेक पीळ चाचपत बसतात. एवढी वर्षं वर चढलो, खाली कधी बघितलं नव्हतं म्हणतात, आता बघितलं. सोमवारपर्यंत आले नाहीत तर दुसरा माणूस लावतो, असा मुकादमाचा निरोप आहे. काल मला म्हणाले, धाकटीला विचार, तो माणूस पडला की वाचला. ते कळल्याशिवाय मी वर जाणार नाही.

तेव्हा लवकर कळवा. चिडले आहे, तरी तुमचीच,

वहिनी

१९ जुलै

मी खुशाल आहे, आणि बाबा, तुम्ही पडला नाहीत.

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून ती बादली सारखी डोळ्यांपुढे येते. नुसतं ‘वाचला’ लिहून पाठवणार होते, पण ते बाबांच्या समाधानासाठी लिहिलंय हे त्यांना लगेच कळलं असतं. भिंतीला रंगाचा एकच हात मारलेला त्यांना लांबून ओळखू येतो.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि कथा पहिल्यापासून लिहिली. आता दोर तुटत नाही. माणूस वर निवांत रंग देत असतो आणि खाली त्याच्या घरी पत्र येतं. सुरुवात अशी केली आहे: आमच्या घरी पत्राची पहिली ओळ उभ्याने ऐकतात.

बाईंनी दोराची ओळ कुठे गेली म्हणून विचारलं. ती खोटी होती असं मी सांगितलं, तेही चाचरत. त्यांनी कागद ठेवून घेतलेत. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. कथेची प्रत सोबत आहे. बाबांना सगळी वाचून दाखव. त्यांना नको असेल तर मी बाईंकडून परत मागेन.

रागावलीस तरी लोभ धर.

तुझी,
धाकटी

२४ जुलै

प्रिय वन्संना,
अनेक आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल.

पत्राची पहिली ओळ ऐकून सासूबाई मटकन खाली बसल्या आणि कार्टीला अक्कल आली म्हणाल्या. मग मी कथा काढली. तिची पहिली ओळ वाचली, तर त्या परत उठून उभ्या! मी अडखळत वाचतेय, तुमचे दादा पुढे काय, पुढे काय म्हणून डोकं खातायत. धावत जाणारी बाई आपणच, शेवटी काय होतं तेही ठाऊक, तरी सासूबाईंनी माझा दंड असा आवळला की अजून वळ आहे.

मामंजी सोमवारी कामावर गेले. आता दोन दोर बांधतात. भीती गेली का विचारलं तर म्हणाले, नाही, तीही माझ्याबरोबर वर चढते. पत्र आलं तर आधी पुरतं वाचा आणि मग पळा, असं जाताना सासूबाईंना बजावून गेले.

कथा परत मागू नका. मामंजींनी बाईंसाठी निरोप दिला आहे, तो त्यांना जसाच्या तसा सांगा. म्हणाले, मी शेवटची ओळ झाल्यावर बसलो.

लोभ आहेच, आता थोडा धाकही ठेवते.

तुमची,
वहिनी