सतरा सप्टेंबरला नाना बाहेर पडत नाहीत

४ सप्टेंबर
पाय दुखून राहिले! कॉलेज सुटल्यावर ज्ञानेश्वरीच्या शेतात गेले होते. गुरुवार, म्हणून तिची आई बांधावरच्या पिराला चुना फासत होती. मलिदा लई झकास — दोनदा मागून खाल्ला. ज्ञानेश्वरी म्हणते, "पीर तुमचा आणि राबायचं आम्ही!" म्हटलं, खायला आम्ही आहोत की!

८ सप्टेंबर
मन्मथ सरांनी वर्गात उभं केलं. मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण मी करायचं. "तू बोललीस तर बरं दिसतं." बरं दिसतं! मी काय दारापुढची रांगोळी आहे? तरी हो म्हणून बसले. वर्गात माझ्याएवढं चांगलं मराठी कुणाचं आहे, सांगा!

९ सप्टेंबर
माझे आजोबा, नाना, भाषणाचं ऐकून उठून आत गेले. सतरा सप्टेंबरला ते घराबाहेर पडत नाहीत, लहानपणापासून बघते. आज पहिल्यांदाच विचारलं.
निजाम गेला, त्याच आठवड्यात त्यांच्या अब्बांना लोहा गावाच्या रस्त्यावर लोकांनी गाठून मारलं. साधे शाळामास्तर. निजामाशी घेणं ना देणं. नाना तेव्हा सहा वर्षांचे. "कबर भी नइ मिली, बेटी."
अब्बांच्या उजव्या हाताला सहा बोटं होती म्हणे. त्यातलं सहावं धरून नाना बाजारात चालायचे.

१३ सप्टेंबर
भाषण तीनदा फाडलं. नुसतं 'आपण मुक्त झालो' म्हटलं तर नानांशी खोटं. नुसतं अब्बांचं सांगितलं तर कुणीतरी म्हणणारच — हिला निजाम हवा होता! नको होता हो! तो गेला म्हणून तर मी मत देते. देश माझा आहे, म्हणूनच दुखतं. रागारागात दोन्ही लिहून टाकलं.

१७ सप्टेंबर
बोलले! दोन्ही बोलले. सहा बोटंसुद्धा. मागून कुणीतरी "बस कर" ओरडलं. टाळ्या वाजल्या, पण सगळ्यांच्या नाहीत. मन्मथ सर नंतर म्हणाले, "मला दाखवलेल्या कागदात हे नव्हतं." पण माइक बंद केला नाही त्यांनी.
ज्ञानेश्वरीनं मोबाइलवर घेतलं, तिच्या आजोबांना ऐकवणार म्हणाली. झेंड्याला सलाम करताना रडू आलं. लाज वाटली नाही.

१८ सप्टेंबर
ज्ञानेश्वरीचे आजोबा रामलिंग काठी टेकत आमच्या दारात! ऐंशी पार केलेला माणूस. नानांचा हात हातात घेऊन बसले. "बांधावर पीर न्हाई. माझ्या बापाला रस्त्यात सापडलेला माणूस हाय. बापानंच पुरला. कुणी उकरू नये म्हणून पीर म्हणाला. मी आठ वर्षांचा होतो — हाताची बोटं मोजली होती. सहा."
नाना चप्पल शोधून राहिलेत.