गुडघ्याएवढंच पाणी

आबा, काल चौकात पुढाऱ्याची जयंती झाली. कर्ण्यावरून पुन्हा तुमची नदी ऐकली. दार लावलं तरी आवाज आत येतोच, म्हणून लिहायला बसले. हे पत्र टाकायचं कुठं, ठाऊक नाही, पण दुसऱ्या कुणाशी बोलू?

तो पुढारी आपल्या घरी आला तो दिवस मला लख्ख आठवतो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली, आणि तो मतं मागत भूमच्या बाजूची गावं फिरत होता. ओसरीवर न थांबता थेट चुलीपाशी आला. "एकाच पलटणीतले आपण," म्हणाला. आई भाकरी थापतेय, तो पिठलं ओरपतोय, आणि एरवी दिवसाला चार शब्द बोलणारे तुम्ही बर्मातली नदी सांगताय. पाठीवर जळकोटचा तुमचा दोस्त, कमरेत गोळी लागलेली, खालच्या अंगाला जाण नाही. पाणी तुमच्या छातीला लागलंय. तो घाबरून विचारतोय, "कुठवर आलं रं पाणी?" तुम्ही म्हणताय, "गुडघ्याएवढंच हाय, गप पड." पैलतीरावर उतरवला तेव्हा तो गेलेला होता. आईचा हात परातीतच थांबला, तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं. पाहुण्यानं डोळे पुसले. मला तर तो लई भला माणूस वाटला बघा.

पाहुणा निघून गेल्यावर तुम्ही हसलात. महायुद्धभर तो पुण्यात फौजेच्या गोदामात होता, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. बर्माला निघताना तुमचं कांबळं गोदामाच्या खिडकीतून त्यानंच दिलं आणि परतल्यावर त्याच खिडकीतून त्यानंच जमा करून घेतलं, वर फाटलंय म्हणून कुरकुर केली. "पन मानूस वाईट न्हाय," म्हणालात.

महिन्याभरात भूमच्या बाजारात त्याची सभा झाली. आपण मीठमिरची घ्यायला गेलेलो, तर कर्ण्यावर तो सांगतोय की नदी त्याच्या छातीला लागली होती आणि पाठीवरचा सोबती विचारत होता, पाणी कुठवर आलं. "गुडघ्याएवढंच हाय," तो म्हणाला, आणि तुम्ही माझा हात सोडलात. आवाज न चढवता विचारलंत, "सायेब, पाठीवर कोन हुता? त्याचं गाव कंचं?" मला वाटलं, आता सापडला. तो तुमच्याकडं बघून म्हणाला, "सैनिकाला गाव नसतं, बाबा. देश असतो." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. शेजारच्यानं सदरा ओढून तुम्हाला खाली बसवलं.

मग तुम्ही फौजेच्या कचेरीला अर्ज केलात, याची नोकरी तपासा म्हणून. उत्तर यायला वर्ष लोटलं. त्याच्या कागदांत बर्मा व्यवस्थित लिहिलेलं होतं. कसं, ते देव जाणे. तुमचे कागद मात्र सापडत नव्हते, तुम्ही फौजेत होता याचा पुरावा पाठवा म्हणत होते. पुरावा ट्रंकेत होता, आणि ट्रंक रझाकारांच्या धामधुमीत घरासकट जळाली होती. आई चिडली. "अवो, जळकोटाला जावा की. त्याची आई साक्ष दील." तुम्ही चुलीतली राख उकरू लागलात. "तिला म्या सांगितलंय, पोरगं झोपेत गेलं म्हनून," म्हणालात. "आता म्हातारीला नदी सांगू व्हय?" तो विषय तिथंच संपला.

तो पुढं मोठा झाला. गावाला पाण्याची टाकी त्यानंच दिली, आजही आम्ही तिचंच पाणी पितो. राग तरी कसा धरावा? धरला, पण त्यानं काय होतंय.

आबा, तुम्ही ती नदी एकदाच सांगितलीत. तो जन्मभर सांगत राहिला, आणि तो गेल्यावर आता त्याची माणसं त्याचीच जुनी भाषणं लावतात. काल रात्री मी डोळे मिटून तुम्हाला चुलीपाशी बसवलं. आई होती, पिठल्याचा वास होता, तुमचे ओठ हलत होते. पण "गुडघ्याएवढंच हाय" ऐकू आलं ते त्याच्या आवाजात. तुमचा आवाज कसा होता, ते मला आता आठवत नाही.