खाकीतला तित्तर

बीबी, ता. ९ फेब्रुवारी १९६५

ती. चिंतामणदादास, कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

इकडचे सारे बरे, तिकडचं तू सांग. चौथीत शाळा सुटली तवापासून अक्षर कोंबडीच्या पायावानी झालं, हसू नोको. तोंडानं मले बोलता येत नाही हे तुले ठाऊक, म्हनून कागदावर बोलून राह्यली.

तू एस्टीत कंडक्टर झाला म्हनून मायनं साऱ्या गल्लीत साखर वाटली. शिवरातीले वर्दी घालून ये म्हनते, समोरच्या रुखमाबाईले दाखवाची हाये म्हने. पन दादा, माही एक विनंती. वर्दी घालून येऊ नोको.

आपल्या वावराची राखन करते थो पुंजाकाका पारधी, त्याची तानी आठवते ना? तुया मांगं तित्तराची हाक मारत फिरे, थेच. दिवाळीनंतर कुठल्या तरी गावच्या चोरीसाठी पोलीस आले. झोपडी मोडली, देवीचं गाठोडं मातीत फेकलं, काकाले तिच्यासमोर मारत नेलं. चोर भलताच निघाला, काका सुटून आला. पन तवापासून तानी एक शबूद बोलत नाही. खाकी कपडा दिसला का कडब्याच्या गंजीमांगं जाऊन बसते. पोस्टमनलेही भेते.

शेजारची मनकर्णाबाई म्हनते बिब्ब्याचा डाग द्या. तानीची माय शालूबाई म्हनते देवी रुसली. काका म्हनते, होळीपर्यंत पोरगी अशीच राह्यली तर बिऱ्हाड उचलतो, तिले इथल्या मातीचंच भेव बसलं. दादा, मले दुसरी मैत्रीन नाही. मी तिले काई इचारत नाही, नुसती जवळ बसते. थे गेली तर मी कोनाजवळ बसू?

माया हाये तशीच राहू दे.
तुही, कोकी

मेहकर, ता. १३ फेब्रुवारी

चि. कोकीस चिंतामणचे अ. आ. वि. वि.

घरी महिन्यातून दोन शबूद बोलनारी पोरगी, अन् कागदावर एवढं? पोस्टानं तुया तोंडाचं कुलूप काढलं म्हनाचं.

तानीचं वाचून लय वाईट वाटलं. पन वर्दीले लाजून कसं चालन? भेव पोटात ठेवलं का वाढते. आपल्या गोऱ्ह्याले एस्टीच्या भोंग्याची सवय कशी लावली होती? रोज सडकेवर नेऊन. तसंच. खाकीवाल्याच्या हातून एकदा रेवड्या खाल्ल्या का भेव पळन. तू पाह्यत राह्य.

मायले नमस्कार, तुले एक टपली.
चिंतामण

बीबी, ता. ३ मार्च

ती. दादास सा. न.

रागानं लिहून राह्यली. तू एस्टी निघाली म्हनून गेला, मांगं काय झालं थे पाह्यलं नाही.

तू वर्दीत, हातात रेवड्यांचा पुडा, अन् दुरूनच वरडला, ताने पाह्य बरं कोन आलं. थे अनवानी तुरीच्या खुटांतून पळाली. पाय फाटला. दिवस मावळेपर्यंत गंजीतून निघाली नाही. पयले माह्याजवळ तरी बसे, आता मलेही पाठ दाखोते.

मी काकापुढं जाऊन रडली. काका तुयावर रागावला नाही. म्हने, चिंतामन पोरगा चांगला हाये, पन शिकारी नाही. भेलेल्या पाखरामांगं धावलं का थे जलमभर उडते. दूर बसावं, पाठ करून बसावं, त्याच्याच बोलीत हाक मारावी. यायचं का नाही थे पाखरावर सोडावं. फक्त फास नसावा.

मंग म्या, म्हंजे मी सोता, काकाले इचारलं का दादानं वर्दी काढून यावं का. तर म्हने, नाही, खाकी तर तिले जलमभर दिसन. वर्दीतच येऊ दे, पन पाठमोरा.

होळी जवळ आली दादा. शालूबाईनं भांडे बांधाले काढले.

रागावली तरी तुहीच,
कोकी

मेहकर, ता. ८ मार्च

चि. कोकीस अ. आ.

तुयी चिठ्ठी वाचून भाकर गेली नाही. मले वाटे आपुन लय शायने. पोरगी म्हंजे गोऱ्हा नोहे, हे ध्यानातच आलं नाही. तिच्या पायाले हळद लाव.

ऐतवारी येतो. काका सांगन तसाच बसन. पन तित्तराची हाक पार इसरलो ना! रिकाम्या गाडीत घोटून पाह्यली, तर डायवर रामरावनं गाडी थांबवून इंजनाचं झाकन उघडलं. म्हने, कायचा आवाज येऊन राह्यला?

आईबाबांस नमस्कार. देवाजवळ हात जोड.
चिंतामण

बीबी, ता. १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुयी पाठ होती म्हनून तुले काईच दिसलं नाही. थे सांगाले लिहून राह्यली.

तू बांधावर बसला, तवा तानी गंजीमांगं, मी तिच्यापासून थोडी दूर. काका दोरी वळत बसला, तिकडं पाहेच ना. तू पयली हाक मारली. देवाशप्पत दादा, कोनी कोंबडी दाबली असं वाटलं. तानीनं कानावर हात ठेवले. तू दुसरी मारली, थे तर पयलीहून वंगाळ. तिनं भुवया आवळून काकाकडं पाह्यलं, जशी म्हने, सांगा ना याले कोनी. काका हालला नाही. तिसरीले तिच्यानं राहवलं नाही. तिनं तोंडाले हात लावून हाक मारली. इतकी खरी, का नाल्यातून खऱ्या तित्तरानं जबाब देला.

तुयी मान हालली थे म्या पाह्यलं. मनात म्हनलं, दादा, पाहू नोको, पाहू नोको. तू पाह्यलं नाही. मंग थे एक एक पाऊल पुढं आली, अन् तू चुकला का सुधरवे. आखरीले तुयापासून बैलजोडीभर लांब होती.

शालूबाईनं भांडे सोडले. काका म्हने, अक्षयतृतीयेपर्यंत पाहू. तेवढं तर तेवढं.

सारं बरं झालं असं नाही. काल पोस्टमन आला अन् थे पुन्हा पळाली. पन या खेपी एकटी नाही. माहा हात धरून मलेही वढत नेलं. मलेही त्याची लाज वाटतेच, मी गेली. दोघी कडब्यामांगं गुडघ्याले गुडघा लावून बसलो. मी काई इचारलं नाही. लय येळानं तिनं माह्या कानापाशी तोंड आनलं अन् म्हने, कोकी, तुया भावाले गळाच नाही.

पुढच्या ऐतवारी ये. वर्दीत ये.
तुही, कोकी