दोरीवरची पिशवी

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल. नसली तरी तू कळवणार नाहीस, कारण कारखान्याचा सुरक्षा अधिकारीच आजारी पडला तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? माझे गुडघे जागेवर आहेत, एवढंच त्यांचं कौतुक. मला अक्षर येत नाही हे तू जाणतोसच, म्हणून पत्र तुझ्याच कारखान्यात लागलेला नातू लिहितोय. (मान वर कर. हो, हेसुद्धा लिही.)

तर झालं काय, दोरीवरच्या माझ्या पिशव्या नाहीशा व्हायला लागल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्या मी धुऊन, चिमटे लावून वाळत घालते. सून म्हणते, मी गेले की माझ्या कपाटातून पिशव्याच निघतील. निघू देत, दुसरं ठेवलंय काय मी तिच्यासाठी! आधी मला वाऱ्याचा संशय आला, मग शेजारणीचा (तिची मनातल्या मनात माफी मागितली), आणि शेवटी नातूच एक पिशवी खिशात कोंबताना सापडला. म्हटलं, "काय रे, कारखान्यात म्हशी पाळल्यात का?" तर हसून म्हणाला, "आजी, भोंग्याचं तोंड बांधायला लागते."

त्यांच्या पंपापाशी म्हणे गॅस हुंगणारा एक डबा बसवलाय (तू असशील बसवला, तुला कशाला सांगू). गॅस सुटला की डबा भोंगा वाजवतो, भोंगा वाजला की काम थांबतं, काम थांबलं की साहेब ओरडतात. पंपाचं सील गळकं, त्यामुळे भोंगा सारखा बोंबलायचा. शिफ्टच्या साहेबांनी तोड काढली, की नवं सील येईपर्यंत डब्यावर पिशवी चढवा, वर रबर लावा. डब्याला वास नाही, भोंग्याला आवाज नाही, साहेबांच्या डोक्याला ताप नाही. उष्णतेने पिशवी चिरते म्हणून सारखी नवी लागायची, आणि चढवायचं काम आपल्या नातवाकडे. (लिहिलंस? हात का थांबला?)

तू पाळण्यात होतास तेव्हा रडायला लागलास की आत्या तुझ्या तोंडावर हात ठेवायची. घर शांत व्हायचं, पण तुझं पोट काही भरायचं नाही. तिला वाटायचं, काय गुणाचं पोर! त्या आत्याचीच अक्कल पुढे कारखान्यात नोकरीला लागलेली दिसते.

गेल्या आठवड्यात आपला शेजारी फिटर त्याच पंपाखाली नट आवळायला वाकला आणि सील फुटलं. डबा गप्प. तोंड बांधल्यावर ओरडणार कसा? फिटर आज दवाखान्यात नळीने श्वास घेतोय. डॉक्टर "बघू" म्हणतात, आणि "बघू" म्हणजे काय हे या वयात मला कुणी समजावून सांगायला नको. नातू ताट पुढ्यात घेतो नि तसाच उठतो. आणि तुझा अहवाल म्हणतो, फिटरने मास्क लावला नव्हता, चूक त्याचीच. अरे, भोंगाच वाजला नाही तर मास्क लावायचा कधी, स्वप्न पडल्यावर?

बाकी क्षेम. गुडघ्यांचं तेल संपलंय, येताना आण. एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझी थोरली

ता. क. तेल राहू दे. डब्यावरची ती पिशवी कुणी काढून ठेवली असेल तर फेकू नकोस. मी कोपरा तिरका कापते, हजारात ओळखीन. बोलावलंस तर असल्या गुडघ्यांनी येईन. अहवालात पिशवी लिही, कुणी सांगितलं ते लिही, कुणी चढवली तेही लिही. नातवाची नोकरी गेली तर जाऊ दे. फिटरची जाते आहे ती नोकरी नाही.

पुन्हा ता. क. नातू पिशवीची गोष्ट गाळणार अशी माझी खात्री होती. म्हणून पत्र वाचून घ्यायला शेजारी, फिटरच्या बायकोकडे नेलं. नातू दारातच उभा राहिला. तिने शेवटपर्यंत वाचलं नि म्हणाली, "मावशी, त्याने काही गाळलेलं नाही." तेव्हा धाकट्या, हे पत्र वाचणारा तू पहिला नाहीस, हे ध्यानात ठेव. या शेवटच्या ओळींचं अक्षर वेगळं दिसेल. ते तिचं आहे.