एक थेंबही बाहेर जाणार नाही

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

पत्रा मिळाला! कारखान्याच्या भंगारातून जस्ती पत्र्याच्या जुन्या चादरी मॅनेजरसाहेबांनी मंजूर केल्या. फिटर त्यांच्या वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापून देणार आहे. अतिथिगृहाच्या हिरवळीला आणि गुलाबाच्या वाफ्यांना आता धातूची कड बसणार.

कोणी विचारील, दुष्काळात हे थेर कशाला? मीच मला रोज विचारतो. राहुरीकडून येणारा टँकर फाटकासमोर थांबतो आणि वस्तीवरची माणसं हंडे घेऊन रांग लावतात. त्या वेळी मी हातात नळी धरून हिरवळीला पाणी देत असलो, तर त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. मुंबईहून पाहुणे येतात, त्यांना हिरवळ दिसली पाहिजे, असा वरचा हुकूम आहे. मी उद्यान अधीक्षक. हुकूम पाळतो आणि पाठ करतो.

म्हणूनच ही कड! हिरवळीला पश्चिमेकडे उतार आहे. पाणी दिलं की त्यातलं बरंचसं वाटेवर ओघळतं आणि कुंपणाखालच्या खळग्यात जातं. पट्टी जमिनीत नीट उभी पुरली, की तेच पाणी मुळांशी मुरेल, आणि विहिरीतून कमी उपसावं लागेल. म्हणजे हे काम शोभेचं नाही, काटकसरीचं आहे. हे लिहून बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

काम सुरू. बागेतल्या गड्यांना नि बायांना एकत्र बसवून पद्धत समजावून सांगितली. आधी खुंट्या मारून दोरी ताणायची. दोरीलगत अरुंद चर — पट्टीच्या रुंदीहून किंचित कमी खोल. पट्टीची वरची धार दुमडून घ्यायची, नाही तर अनवाणी पाय कापेल. सांध्यावर एक पट्टी दुसरीवर चढवायची, रिव्हेट मारायचे, वर डांबर. मग दोन्ही बाजूंनी माती भरून धुम्मसाने ठोकायची — आधी आतून, मग बाहेरून. उलट केलं तर पट्टी आत कलते. का कलते, तेही सांगितलं.

खुरपणीची छबूबाई म्हणाली, "मायबाई! गवताला कंबरपट्टा, अन् माझ्या कमरंला सुतळी!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण तिच्या कमरेला खरंच सुतळी होती.

कारभारी हा माझा सर्वांत विश्वासू गडी. गोलाई देण्यासाठी त्याने डांबराचा रिकामा पिंप आडवा पाडला आणि त्यावर पट्टी हळूहळू वाकवली. कुठे चिमटा नाही, कुठे कोन नाही. पाहत राहावं असं काम.

१९ फेब्रुवारी

पूर्ण! पश्चिमेच्या शेवटच्या सांध्याला रिव्हेट कमी पडले, तो नुसता डांबराने भरला. भरपूर पाणी सोडून परीक्षा घेतली. कडेपर्यंत चढलं, थांबलं, मुरलं. वाट कोरडी ठणठणीत! मॅनेजरसाहेबांना हाताला धरून दाखवलं. "एक थेंबही बाहेर जाणार नाही," मी म्हणालो. त्यांनी पाठ थोपटली. मी सर्वांसमक्ष कारभारीची पाठ थोपटली. तो कुंपणाखालच्या खळग्याकडे पाहत होता. कामानं थकला असेल.

रात्रीच्या जेवणाला बायकोला, प्रेमलाला, सगळी रचना सांगितली. तिने विचारलं, "मग बाहेर काय होणार?" मी उतार, झिरपा, मुळांची खोली, सगळं क्रमाने समजावलं. आमटी गार झाली. ती म्हणाली, "बरं."

२२ फेब्रुवारी

गुलाबांना कळ्या. टँकर आला नाही.

२६ फेब्रुवारी

पश्चिमेच्या सांध्यातून पाणी गळतं आहे! डांबर निघालेलं. ऊन लागून पाझरलं असेल. पुन्हा भरून घेतलं.

२८ फेब्रुवारी

उलथन्याचं टोक वाकलं आहे. बाजाराच्या दिवशी नवीन आणलं पाहिजे.

३ मार्च, शनिवार

फार वाईट दिवस. जसा घडला तसा लिहितो.

सकाळी तोच सांधा पुन्हा उघडा. या खेपेला मी वाकून नीट पाहिलं. डांबर पाझरलं नव्हतं, खरवडलं होतं! पट्टीची टोकं फाकवलेली. बाहेरच्या खळग्यात पाणी साचलेलं, काठाच्या चिखलात हंड्याच्या बुडाची गोल खूण आणि गाईचे खूर. छबूबाईला विचारलं. म्हणाली, "तितलं पानी वस्तीच्या बाया नेत्यात, सायेब. पैल्यापासनं. टँकरचं प्यायापुरतंच हुतं. जनावराला कुठलं? कारभाऱ्याची बायकू लंकी तर गाय हितंच पाजती."

मला हे ठाऊकच नव्हतं! मी येथे इतके दिवस आहे. ते पाणी कुठे जातं हे मी जाणत होतो, कुणाकडे जातं हे कधी पाहिलं नाही. त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. पण मला राग आला. माझी कड कोणी फोडली?

कारण आणि कार्य! मी कारभारीला हाक मारली. सगळे गोळा झाले.

"सांधा कोणी उघडला?"

"मी न्हाई, सायेब."

"गाय कुणाची?"

"माझी हाय. पर फट मी न्हाई केली. मढीच्या कानिफनाथाची आन."

"मग कुणी केली? तुला ठाऊक आहे?"

तो खाली पाहत राहिला. मी म्हणालो, "ज्याची गाय त्याचीच फट!" वाक्य चांगलं जमलं, असं क्षणभर वाटलंसुद्धा. मग मी आणखी एक शब्द वापरला — पाणीचोर.

त्याने धुम्मस भिंतीला टेकवून ठेवला. पडू नये म्हणून पायाशी एक दगड लावला. आणि गेला. सांधा मी पुन्हा बुजवून घेतला, कारभारीचं नाव हजेरीतून काढलं आणि मॅनेजरसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, "बरं केलंत, शामकांतराव. एकाला सोडलं की दहा फोडतील."

४ मार्च, रविवार

आज दुपारी पानं वाढून प्रेमला उभीच राहिली.

"ती फट मी केली."

मला समजलं नाही.

"उलथन्यानं. दोन्ही वेळा. भल्या पहाटे. लंकाबाईची गाय कोरड्या खळग्यात तोंड घालून चिखल चाटत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. तुम्हाला नाही दिसत, तुमची खिडकी गुलाबांकडे आहे."

मी म्हणालो, "मला सांगायचंस!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही समजावून सांगितलं असतं."

मी जेवलो नाही. तीही नाही. ती एवढंच म्हणाली, "कारभाऱ्याला परत आणा. माझं नाव सांगा नि आणा."

५ मार्च

मॅनेजरसाहेबांच्या खोलीपर्यंत गेलो. दाराशी वाक्य जुळवत होतो — साहेब, तो दोष माझ्या घरचा. त्यांनी आतून विचारलं, "काय, शामकांतराव?" मी म्हणालो, "गुलाबांना कीड नाही, एवढंच सांगायचं होतं."

७ मार्च

गेलो नाही.

कशाला भितो मी? नोकरी जाणार नाही. ते हसतील फार तर. 'अधीक्षकांची बायको उलथनं घेऊन बागेत!' हे वाक्य क्लबात फिरेल. एका हसण्याच्या भीतीने एका माणसाची चूल मी अडवून ठेवली आहे. प्रेमला विचारत नाही. माझ्या चपला दारात दिसल्या की त्यांच्याकडे पाहते, आणि मी गेलोच नाही हे त्यावरून ओळखते.

९ मार्च

शेवटी बोललो. पण काय बोललो!

साहेबांना म्हणालो, "माझ्या निदानात चूक झाली. धातू उष्णतेने प्रसरण पावतो. फाल्गुनातलं ऊन, जस्ती पत्रा; टोकांना सरकायला जागा ठेवली नव्हती. पट्टीने स्वतःच सांधा फोडला. कारभारी निर्दोष आहे." कागदावर आकृतीसुद्धा काढून दिली!

यातला एकेक शब्द खरा आहे. धातू प्रसरण पावतोच. जागा ठेवायला हवी होती, हेही खरं. आणि तरी हे सबंध खोटं आहे. इतकी वर्षं मी ज्ञान मिळवलं, आणि पहिल्यांदा ते लपण्यासाठी वापरलं. साहेब प्रभावित झाले. "असं होय! बोलवा त्याला परत. आणि त्या सांध्यात ठेवा जागा." गव्हाच्या दाण्याएवढी फट पुरते. मी म्हणालो, चार बोटं जागा ठेवावी लागेल.

प्रेमलाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "गाईला पाणी मिळेल," म्हणाली. एवढंच. मी स्तुतीची वाट पाहत होतो की काय?

१० मार्च

वस्तीवर गेलो. पहिल्यांदाच! फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहे. कारभारी झोपडीसमोर बसून खाटेचा सुंभ आवळत होता. लंकाबाईने घोंगडी झटकून टाकली. पाणी दिलं. टँकरचं. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "प्या सायेब. एवढं गरीब न्हाई आमी." प्यायलो. गाय नव्हती. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, "नेवाशाला भावाकडं धाडली. तितं नदीची वाळू उकरली की डवऱ्यात पानी लागतंय. वासरू गेलं वाटंत."

मी प्रसरणाचं सांगायला सुरुवात केली. कारभारीने ऐकून घेतलं. मान हलवत होता, जशी तो नेहमी हलवतो.

"मंग पत्र्यानंच केलं म्हना की."

"हो."

"येतो की कामाला. पर सायेब, च्यार मानसांत म्हनलात. तवा च्यार मानसांतच सांगा."

मी विचारलं, "कड बसवताना बोलला का नाहीस? तुझीच गाय होती."

"पानी कारखान्याचं. आमचं कवा हुतं?"

परत येताना मुद्दाम खळग्याजवळून आलो. तळाची माती तडकली होती. गाईने चाटलेली जागा अजून ओळखू येत होती.

१२ मार्च

सर्वांसमोर सांगितलं. पट्टी, ऊन, प्रसरण, सांधा. नेहमीसारखं क्रमाने. "कारभारीचा काही दोष नव्हता. मी बोललो ते चुकीचं होतं." इथपर्यंत ठीक. छबूबाई म्हणाली, "म्हंजी पत्राच पळून गेल्ता व्हय, सायेब? आन आमी उगी मानसाला धरलं!" हशा पिकला. कारभारीही हसला. मग कोणीतरी म्हणालं, सायेब लई शिकलेलं हायेत, कुनी दुसरा असता तर चूक कबूल केली नसती.

मी चुकीची कबुली देऊन मोठा झालो होतो, आणि ती कबुलीच खोटी होती. खिडकीत प्रेमला होती. मी तिकडे पाहिलं नाही.

कारभारीने पश्चिमेचा सांधा उकलला, चार बोटं जागा सोडली, दोन्ही टोकांची धार दुमडून घेतली, कुणाचा पाय कापू नये म्हणून. मी पाणी सोडलं. ते फटीतून निघालं, वाटेवरून वळलं, खळग्यात उतरलं. आज मी पाठ केली नाही.

१४ मार्च

निदान कारभारीला तरी खरं सांगावं. आज ठरवून त्याच्याजवळ गेलो. तो वाफ्यात वाकून तण काढत होता. "कारभारी," मी म्हणालो. "जी?" मी म्हणालो, "माती आधी आतून ठोकायची, मग बाहेरून." "व्हय सायेब, ठावं हाय," म्हणाला.

१७ मार्च

लंकाबाई पाणी न्यायला आली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी टेकली आणि प्रेमलाला म्हणाली, "बाई, आमच्या मालकाला पैल्या दिसापासनं ठावं हुतं. म्याच बघितलं हुतं तुमाला पहाटं. मी म्हनलं, सांगा की सायेबाला, उगी चोर म्हनून घेताय! तर म्हनले, नगं. बाईचं नाव काढलं, तर सायेब घरात त्यांचे काय हाल करतील, कुनाला ठावं."

प्रेमलाने हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही. आवाजसुद्धा चढवलेला नाही. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

ती तव्यावरची पोळी उलटत होती. उलथन्याचं टोक अजून तसंच वाकडं.

"काही नाही," म्हणाली.