झेंड्याची गाठ

१४ ऑगस्ट, संध्याकाळ. सानपाडा.

फुलं घालून झेंडा बांधला, वर चढवला, तरी जीव थाऱ्यावर नाही. गाठ जास्त घट्ट झाली का? सैल ठेवली तर खाडीवरच्या वाऱ्याने रात्रीच सुटायची. पण उद्या दोरी ओढणार सावंतकाका, आमच्या सोसायटीतले माजी सैनिक. अर्धांगवायूनंतर त्यांच्या उजव्या हातात जोर नाही. मी पण दोरी धरते म्हटलं, तर म्हणाले, "नीता, झेंडा मी एकटाच फडकवणार."

सगळ्यांसमोर गाठ अडली तर?

आत्ता गॅलरीतून पाहिलं. काका खांबाखाली एकटेच उभे होते. दोरीला न शिवता उजवा हात हवेतच खाली ओढत होते. पुन्हा पुन्हा.

ते घरी गेले की गाठ सैल करून येते. वाऱ्याचं काय ते बघू.