झोप अकरा ते

सोमवार, ५ जानेवारी

आज जवळा बाजारहून कळमनुरीला आले. यष्टीत खिडकीची जागा भेटली, तवाच समजलं की दिवस चांगला जाणार. पोरगा देविदास स्टँडवर गाडी घेऊन उभाच होता. जिनिंगमध्ये कारकून हाय, प्लाटावर नवं घर बांधलंय. बांधलंय म्हणायचं, बांधूनच राहिलाय. न्हाणीला फरशी न्हाई, जिन्याला कठडा न्हाई, सयपाकघरात सिमेंटच्या गोण्या. पण उजेड मस्त येतो. लेकरू तीन महिन्यांचं, कान आज्यावर गेलेत. त्याला आता इलाज न्हाई.

सून पुनम, तिची रजा संपली. ती दिवसभर हापिसात, म्हणून मला बोलावणं. लेकराचं वजन वाढंना, तर डॉक्टरनं सांगितलंय की दूध कधी पिलं, झोपलं किती ते किती, सारं रोज लिहून ठेवा. मी चौथी शिकले, ती बी मास्तरच्या छडीला भिऊन. अक्षर हळू येतं, पण येतं. दुपट्यांच्या गाठोड्यात एक कोरी वही सापडली, आत पेन खोचलेला. वरच्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं. दिवाळीत पुजली असंल. कोरी पानं वाया काहून घालायची? घेतली.

बुधवार, ७ जानेवारी

लेकरू झोपलं की नरसिंग मिस्त्रीचं फरशी कापायचं कटर सुरू. कटर थांबलं की लेकराचा भोंगा सुरू. दोघांनी मला वाटून घेतलंय. मिस्त्रीनं न्हाणीचा उतार मोरीकडं द्यायचा सोडून सयपाकघराकडं दिला. सांगायला गेले तर म्हणे, आजी, पाण्याला समजतं कुठं जायचं ते. म्हणलं, पाण्याला समजतं रे बाबा, तुलाच समजत न्हाई. देविदास मधी पडला. मिस्त्री रुसला तर दुसरा भेटत न्हाई म्हणे. आई रुसली तर चालते.

लिहायची बी तकलीफच. एका हातात लेकरू, एका हातात पेन. म्हणून आज सकाळीच साऱ्या दिवसाचं लिहून टाकलं. दूध आठला, अकराला, दोनला. झोप नऊ ते दहा, साडेअकरा ते दीड. डॉक्टर काय माझ्यामागं घड्याळ घेऊन फिरणार हाय?

संध्याकाळ. नवलच झालं. बराबर त्याच टायमाला पिलं, त्याच टायमाला झोपलं. दीडवर काटा आला अन् यानं डोळे उघडले. कान आज्याचे असले तरी गुण माझा हाय.

शनिवार, १० जानेवारी

आता रोज सकाळीच लिहिते. लेकरू तसंच वागून राहिलं. पुनम म्हणाली, आई, तुमी काय जादू केली? म्हणलं, पोरी, तुमी मोबाइल पाहून लेकरं वाढवता, आमी लेकराकडं पाहून वाढवायचो. तोंड फुगवून गेली.

मिस्त्रीनं फरशी उखडली, पुन्हा बसवली, पुन्हा उलटीच. आंघोळ केली की पाणी शेगडीखाली. चार दिवसांपासून मी पोतं घेऊन पाणीच पुसून राहिले. कंबर मोडली. त्याचे हात झडो. तोंडावर म्हणलं की देविदास चिडतो, म्हणून इथं लिहिलं.

रविवार, ११ जानेवारी

देविदासनं मोबाइलवर पाहून पाहून भिंतीला फळी ठोकली. दोन घंटे लागले. तिच्यावर तांब्या ठेवला, तो गडगडत खाली आला. फळी वाकडी हाय म्हणलं तर म्हणतो भिंत वाकडी हाय. मग भिंत कोणी बांधली? बारसं बी असंच अडकलंय. घर पुरं झाल्यावर मोठं करू म्हणे. तवर लेकरू बिननावाचं. मी दगड्या म्हणते. नजर लागत न्हाई.

सोमवार, १२ जानेवारी

मिस्त्रीचा उजवा हात कटरमध्ये गेला. तीन बोटं. मी लेकराला पोटाशी धरून बाहेर पळाले. नांदेडला नेलं त्याला.

बीडी तोंडात धरून कटर चालवायचा, धूर डोळ्यात जायचा. दुसरं काय होणार? तरी जेवण गेलं न्हाई. न्हाणीतलं रगात मीच धुतलं. तेबी सयपाकघरात आलं.

गुरुवार, १५ जानेवारी

शेजारची भिकाबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली अन् घंटाभर उठलीच न्हाई. लेकरू काहून इतकं बारीक? अजून नाव न्हाई? आमच्याकडं तर बाराव्या दिवशीच ठेवतात बाई. सून पगार आणते अन् सासू गू काढते, असंच का? वाण घेतलं, तीळगूळ खाल्ला, वर म्हणते गूळ कडू हाय. लेकरू तिच्या आवाजानं उठलं ते संध्याकाळपर्यंत रडलं. हिची वाचा बसो एकदाची.

शनिवार, १७ जानेवारी

भिकाबाईला लकवा मारला. काल सकाळी चूळ भरायला गेली ती तोंड वाकडं घेऊनच आली. एक शब्द फुटंना. पाहायला गेले. माझ्याकडं पाहून नुसतं आऽ आऽ करत होती, बोट माझ्याकडंच.

साठ वर्षं तोंडानं शिव्या देऊन राहिले. गावात कोणाला सोडलं न्हाई. कोणाचा केस वाकडा झाला न्हाई. लिहून दोनदाच दिल्या.

उगं मनाचे खेळ. तरी उद्या लिहीत न्हाई.

रविवार, १८ जानेवारी

लिहिलं न्हाई.

सकाळपासून लेकराचे डोळे उघडे. दूध दिलं तर ओठावरून ओघळून गेलं. गिळलंच न्हाई. झोपलं न्हाई, रडलं न्हाई. छताकडं पाहत राहिलं. कोणीतरी सांगायची वाट पाहावी तसं.

पुनम रडायला लागली. देविदास म्हणे गॅस झाला असंल. पाचला मी आत गेले अन् लिहिलं, दूध पाचला.

बाहेर आले तर वाटी रिकामी. पुनम हसून राहिली.



सोमवार, १९ जानेवारी. दुपार

सकाळचं पान अर्धंच राहिलं, हे पुढच्या पानावर लिहिते. लिहिणं भाग होतं, न्हाई तर कालच्यासारखं. दूध आठला, दूध साडेदहाला, झोप अकरा ते, एवढं लिहिलं अन् फोन वाजला.

विहीणबाई. रुख्मिणीबाई, पुनमची आई, शिरड शहापूरहून. बाळंतपण तिच्याकडंच झालं. पुनमनं पाचवीची वही नीट ठेवली ना, म्हणून इचारलं.

कोणती वही?

म्हणे, पाचवीला सटवाई लेकराचं नशीब लिहायला येते, तवा पाट्यापाशी कोरा कागद ठेवतात. हिच्याकडं सुटा कागद उडून जायला लागला, म्हणून हिनं आख्खी वही ठेवली. पेनासकट. पुनमला बजावलं की पाण्यात सोडीपर्यंत उघडायची न्हाई. ती पानं लेकराची. दुसऱ्या कोणाचा हात त्यात जाऊ नये.

मी म्हणलं, बाई, एक कागद मिळाला न्हाई तुला? अन् फोन ठेवला.

आमच्याकडं बी कागद ठेवतात. कागद! वही कोण ठेवतं?

अन् मी चौदा दिवस त्यात

वही कपाटावर टाकते. हात साबणानं धुते.

दुपारी चार

लेकरू उठंना.

अकराला झोपलं. हलवलं. पाणी शिंपडलं. पाय चोळले. श्वास चालू हाय. उठंना. देविदासला फोन लावला.

साडेचार

देविदास आला, पुनमला घेऊन आला. डॉक्टर लिहिलेलं मागंल म्हणून वही घेतली. मी म्हणलं, हात लावू नको. ऐकतो का? आजचं सकाळचं पान टरकन फाडलं, खिशात घातलं. हिंगोलीला गेले.

ते गेल्यावर समजलं. मी उठायचं लिहिलंच न्हाई. अकरा ते — पुढं काहीच न्हाई.

हे लिहिते इथं: लेकरू उठलं. लेकरू उठलं. लेकरू पाच वाजता उठलं.

सव्वापाच

फोन केला. उठलं न्हाई.

इथं लिहून भागत न्हाई. आजचं पान तिकडं हाय. आजचं आजच्याच पानावर.

देविदासला सांगितलं, त्या कागदावर टाइम टाक. अकरा ते साडेपाच, एवढंच टाक बाबा, तुझ्या पाया पडते. तो म्हणाला, आई, तुला येड लागलं का. मी रडले. जन्मात त्याच्यापुढं रडले न्हाई. तवा बरं म्हणाला.

पावणेसहा

फोन आला. लिहिलं म्हणे.

उठलं का?

न्हाई.

काय लिहिलं रे तू?

म्हणे, डॉक्टरला खोटं कसं लिहून द्यायचं. खरं तेच लिहिलं. अकरा ते — अजून उठलंच न्हाई.

पोराला मी शाळेत घातलं. खोटं बोलू नको म्हणून मीच मारलं.

डॉक्टरनं कागद फायलीत ठेवून घेतला. नांदेडला न्या म्हणाले. घरावरूनच जाणार, कपडे घ्यायला थांबतात. श्वास हळू झालाय म्हणे.

दिवेलागण

आजचं पान गेलं. उद्याचं न्हाई गेलं. उद्याचं माझ्याच हातात हाय.

सारा दिवस लिहायचा. एक बी घंटा सोडायचा न्हाई. अक्षर हळू येतं माझं. फाटकापुढं गाडी थांबली. पुनमचा आवाज न्हाई. कोणीच रडत न्हाई. येऊ द्या. आधी हे —

मंगळवार, २० जानेवारी

सकाळी सहा वाजता लेकरू

मी लिहिते. पुनम हात ओढून राहिली, आई चला म्हणते, सोड पोरी, एकच शब्द र

लेकरू डोळे उघ